ओढून पाहिलंस?

बॉइझीतल्या त्या घराचं पुढचं दार आत उघडायचं. अमेरिकेत बहुतेक घरांचं तसंच असतं. म्हणजे बाहेर उभं राहून कुलूप नीट लागलंय का हे बघायचं असेल तर दार ढकलायला हवं. ओढून काही कळत नाही. कुलूप न लावलेलं दारसुद्धा ओढलं की चौकटीला चिकटून बसतं. तरी माझे घरमालक काका रोज ते दार ओढायचे. दोन्ही हातांनी हँडल धरून, एक पाय मागे रोवून, तीनदा. मग दहा पावलं चालत गाडीपर्यंत जायचे, थांबायचे, परत यायचे आणि चौथ्यांदा ओढायचे.

"काका, हे दार आत उघडतं," पहिल्याच महिन्यात मी माझी हुशारी दाखवली होती. "ओढून काय कळणार? ढकलून बघा ना."

काकांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "माहितीये मला. चाळीस वर्षं दरवाजेच बसवले मी. कालव्यांचे." आणि पुन्हा ओढलं.

काका मूळचे सांगलीकडचे. आधी तिकडे पाटबंधारे खात्यात होते, मग अमेरिकेत आयडाहो राज्यात, बॉइझीला येऊन तिथल्या कालव्यांवर त्यांनी उरलेली नोकरी केली. "तिथंही पाणी कमी, इथंही पाणी कमी. तिथं लोक स्वतः भांडायचे, इथं वकील लावतात," एवढाच त्यांनी दोन देशांतला फरक मला सांगितला. मी त्यांच्या तळघरातल्या खोलीत दोन वर्षं राहिलो. मी राहायला गेलो त्याच्या आधीच काकू गेल्या होत्या. त्यांची लेक, जिला मी ताई म्हणतो, ती दूर मिनेसोटात, ईडन प्रेरीला. घरात काकूंची म्हणावी अशी एकच वस्तू डोळ्यांत भरायची. पुढच्या दारामागे खिळ्याला टांगलेली केरसुणी. घरात व्हॅक्युम क्लीनर होता, तो चालायचाही, पण ती केरसुणी तिथून कधी हलली नाही.

सकाळी मी ऑफिसला निघालो की स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज यायचा, "ओढलंस?" मी गाडी अनलॉक करता करता म्हणायचो, "हो काका!" न ओढताच. दोन वर्षांत फार तर चारदा ओढलं असेल. एखाद्या वडीलधाऱ्यानं 'जेवलास का' विचारल्यावर आपण जसं हो म्हणतो, तसंच ते हो होतं.

हे वेड घरापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. बॉइझीत मराठी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे गणपतीला आम्ही एका चर्चचा हॉल भाड्यानं घ्यायचो. एका वर्षी सगळं आवरून, कुलूप लावून, मंडळी पार्किंगमध्ये निरोप घेत उभी असताना काकांनी हॉलची चारही दारं ओढायला सुरुवात केली. तिसरं दार अलार्मचं निघालं. पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. काकांच्या हातात प्रसादाचा डबा होता. त्यांनी पोलिसाला एक मोदक दिला आणि म्हणाले, "ऑफिसर, युवर अलार्म इज व्हेरी गुड. नाऊ वी नो." पोलीस मोदक खाऊन गेला. पुढच्या वर्षी चर्चवाल्यांनी हॉल दिला, पण किल्ली काकांकडे द्यायची नाही या अटीवर.

दुसरं वेड म्हणजे गाडी. काकांकडे एक जुनी, चारही चाकांना ताकद जाणारी उंच गाडी होती. तिला ते 'म्हातारी' म्हणायचे. म्हातारीत चपला-बूट घालून बसायचं नाही. बूट बाहेर काढायचे, झटकायचे आणि पायाशी ठेवलेल्या ट्रेमध्ये ठेवायचे. पेट्रोल भरायला उतरायचं झालं तरी पुन्हा तोच सोहळा. मागच्या बाजूला दोन सुटी चाकं, पाण्याचे सहा कॅन, कुदळ आणि प्रेशर कुकर. काका वर्षातून दोनदा या गाडीनं ओरेगनच्या वाळवंटात शिरायचे आणि तीन-चार दिवसांनी धुळीनं माखून परत यायचे. "समुद्राकडे निघालो होतो," असं सांगायचे. पोचलात का, असं विचारलं की म्हणायचे, "नाही. या वेळी राहिला."

हायवेनं गेलं तर एका दिवसात समुद्र येतो. पण हायवे हा शब्द काढला की काकांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. "तुला घाई असेल तर जा हायवेनं. फक्त परत आल्यावर मला फोटो दाखवू नकोस."

माझी नोकरी गेली ती एका मंगळवारी, पंधरा मिनिटांच्या कॉलवर. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की हातात साठ दिवस असतात. तेवढ्यात दुसरी मिळाली तर ठीक, नाहीतर सामान बांधायचं. मी तळघरात बसून अर्ज करत राहिलो. तीस दिवस गेले, पस्तीस गेले. मग पोर्टलंडच्या एका कंपनीत मुलाखतीच्या तीन फेऱ्या पार पडल्या आणि शेवटचा कॉल ठरला. शुक्रवारी दुपारी चार, थेट मॅनेजरशी. ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की मॅनेजर त्याच संध्याकाळी तीन आठवड्यांच्या रजेवर जाणार आहे, तेव्हा वेळ बदलता येणार नाही.

बुधवारी काका तळघरात उतरले. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो.

"उद्या समुद्राकडे निघतोय. चल."

"काका, शुक्रवारी चारला कॉल आहे. तुमच्या त्या वाळवंटात सिग्नल नाही यार... सॉरी, काका."

"भिंतीकडे बघून फोन लवकर येतो का? शुक्रवारी दोन वाजता तुला बेंड गावात सिग्नलखाली उभा करतो. माझा शब्द."

काकांनी दिलेला शब्द पाळला नाही असं बॉइझीत कुणी ऐकलं नव्हतं. मी बूट काढून म्हातारीत बसलो.

तो गुरुवार मला अजून आठवतो. डांबरी रस्ता संपला तिथे काकांनी गाडी थांबवली, खाली उतरून चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली आणि म्हणाले, "आता ही मऊ झाली. आता चालेल." पुढे दिवसभर राखाडी झुडपं, काळे दगड आणि आकाश. वाटेत एक कोरडं तळं लागलं, पांढरंफटक, मैलभर सपाट. त्याच्या मधोमध गाडी उभी करून काकांनी मला थर्मासमधला चहा दिला. मला साठ दिवसांचा हिशेब आठवला नाही, असा तो पहिला तास. समोरून दिवसात एखादी गाडी आली तर काका स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचे, समोरचाही उचलायचा. "झाली ओळख," काका म्हणायचे. संध्याकाळी त्यांनी कुकरमध्ये खिचडी लावली. त्या ओसाड माळावर तीन शिट्ट्या झाल्या तेव्हा दूरची हरणं मान वर करून बघत राहिली.

आणि फाटकं. त्या मुलखात सरकारी जमिनीवर गुरं चरायला सोडलेली असतात आणि रस्त्यात मधूनमधून तारांची फाटकं लागतात. नियम साधा. उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर आपण गेल्यावर बंद करायचं. उतरून फाटक लावायचं काम शेजारी बसलेल्याचं. म्हणजे मी बूट घालायचो, उतरायचो, उघडायचो, गाडी गेली की लावायचो, बूट काढून आत बसायचो. आणि मग काका उतरायचे, चालत मागे जायचे आणि मी लावलेलं फाटक ओढून बघायचे. दर वेळी. अकरा फाटकं झाली तोवर माझ्या डोक्यात तिडीक जायला लागली होती.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला बारावं फाटक आलं. ते सगळ्यांत अवघड होतं. पाच काटेरी तारा, त्यांना विणलेल्या तीन काठ्या, आणि शेवटची काठी खांबाला अडकवायला तारेची दोन वेटोळी. खालच्या वेटोळ्यात काठीचं टोक घालायचं, मग खांबाला मिठी मारून काठी खेचायची आणि वरचं वेटोळं तिच्या डोक्यावरून चढवायचं. खालचं जमलं. वरचं दोन बोटं कमी पडत होतं. मी तीनदा खेचलं. मनगटाला तार लागली. घड्याळात बघितलं. मग काठी खांबाला नुसती टेकवून ठेवली आणि वरची तार एका खिळ्याला अडकवल्यासारखी केली.

दोन दिवस क्लच दाबून काकांचा गुडघा सुजला होता. या वेळी ते उतरले नाहीत. खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "ओढून पाहिलंस?"

"हो काका."

पुढचे दोन तास रस्ता वाईट होता आणि काका खुशीत होते. बारा वाजून गेल्यावर एका एकट्या झाडाच्या सावलीत आम्ही थांबलो. त्यांनी गुळाच्या दशम्या काढल्या. डब्यात तीन होत्या. त्यांनी दोन माझ्यापुढे केल्या.

"तुला एक सांगू? आजवर कितीजण माझ्याबरोबर आले या रस्त्यानं. पण फाटक दुसऱ्यानं लावलं आणि मी ओढायला उतरलो नाही, असं आज पहिल्यांदा झालं. तू म्हणालास ओढलं, मला पुरलं."

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. दोन वर्षं रोज सकाळी 'हो काका' म्हणून मी गप्प बसलोच होतो. बेंड दीड तासावर होतं.

"काका, मी ओढलं नाही. वरची तार लागतच नव्हती. नुसतं टेकवून आलो."

काकांनी दशमी फडक्यात परत ठेवली. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"ती विचारायची," ते म्हणाले. "तुझी काकू. कुठंही निघालो की गाडी वळणावर आली रे आली की, 'अहो, कुलूप ओढून पाहिलंत का?' आणि मी म्हणायचो, हो ओढलं. बत्तीस वर्षं. एकदाही ओढलं नाही रे मी. मी इंजिनियर. आत उघडणारं दार ओढून काय कळतं?"

त्यांनी मागे, आलो त्या रस्त्याकडे बघितलं.

"तिला समुद्र बघायचा होता. एकदा निघालो, आम्ही दोघंच. हायवेनं. तासाभरानं तिनं विचारलं, मी हो म्हटलं. पण तिला चैन पडेना. परत फिरूया म्हणाली. मी म्हटलं, खुळी आहेस का, सांगतोय ना ओढलं म्हणून. दोन दिवस ती समुद्राकडे पाठ करून बसली. मन सगळं घराकडे. परत आलो तर दार सताड उघडं. वाऱ्यानं ढकललं असणार. चोरी नाही, काही नाही. पण हॉलभर पाचोळा, पार जिन्यापर्यंत. मला वाटलं, आता ही फाडून खाईल. एक शब्द बोलली नाही. केरसुणी घेतली आणि केर काढला. त्या हिवाळ्यात ती गेली."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मी कुलूप लागलंय का ते बघायला ओढत नाही रे. तिनं विचारलं तर खरं सांगता यावं, म्हणून ओढतो."

मग एकदम उठले. "चल, बूट काढ, बस. तुला बेंडला सोडतो दोन वाजता. मी एकटा परत येतो फाटकापर्यंत."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरनं संध्याकाळनंतर गाडी चालवायला मनाई केली होती. बेंडहून फाटकापर्यंत साडेतीन तास, पुन्हा परत साडेतीन. म्हणजे अर्धा रस्ता अंधारातला, तोही असा. आणि मधल्या वेळात गुरं कुठवर जातील ते वेगळंच.

खरं सांगतो, त्या क्षणी मला काकांचा राग आला. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी निर्लज्जपणे बेंडला गेलो असतो. 'जाऊ दे, गुरं आहेत, बघतील त्यांचे मालक,' असं म्हणाले असते तरी गेलो असतो. हा माणूस माझा कॉलही वाचवायला निघाला होता आणि माझं फाटकही लावायला.

"काका, वळवा गाडी."

"विचार कर. चारचा कॉल गेला."

"माहितीये. वळवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि म्हातारी वळली.

सव्वादोनला फाटकाच्या मैलभर अलीकडे रस्त्यात तीन काळ्या गाई आणि एक वासरू उभं होतं. आमच्याकडे बघत होती सगळी, पाहुणे उशिरा आल्यासारखी. फाटक पुढे आडवं पडलेलं. मग तासभर जे चाललं त्याचा व्हिडिओ नाही हे बरं. मी मोज्यांत पळत होतो, कारण घाईत बूट घालायचे राहिले होते. काका सुजल्या गुडघ्यानं हातात कुकरचं झाकण घेऊन ते वाजवत होते आणि अमेरिकन गाईंना मराठीत समजावत होते. "चल गं बाई, चल. तुझी काही चूक नाही. हैक, हैक! अगं तिकडे कुठं, घर तिकडे आहे तुझं!" वासरू शेवटपर्यंत त्यांच्या मागे मागे चालत होतं.

मग आम्ही दोघांनी मिळून खांबाला मिठी मारली. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. वरचं वेटोळं चढलं.

"ओढ," काका म्हणाले. मी ओढलं. तारा ताणल्या, फाटक हललं नाही. मग काकांनी ओढलं, तीनदा. दहा पावलं गाडीकडे गेले, परत आले आणि चौथ्यांदा ओढलं. मला पहिल्यांदाच हसू आलं नाही.

बेंडला पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. फोनवर एकच व्हॉइसमेल होता, सभ्य आणि छोटा. पंधरा मिनिटं वाट पाहिली, पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. मी तो काकांना ऐकवला.

"माझा शब्द मोडला," ते म्हणाले.

"तुमचा नाही, काका. मी मोडला." मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं डबा उघडून उरलेली दशमी पुढे केली.

शनिवारी समुद्र आला. थंडगार, धुक्यात अर्धा बुडालेला, पाण्यात पाय घालवणार नाही असा. काका वाळूत आधी समुद्राकडे पाठ करून बसले, आम्ही आलो त्या रस्त्याकडे तोंड करून. पाचेक मिनिटं तसेच बसले. मग हळूच फिरले आणि बघत राहिले. इतक्या फेऱ्यांत समुद्र 'राहायचा' का, ते मला तेव्हा कळलं. अर्ध्या तासानं उठून त्यांनी पँट झटकली.

"चांगला आहे," म्हणाले. "तिला आवडला असता."

मला नोकरी मिळाली ती छपन्नाव्या दिवशी, देशाच्या पार पूर्वेला कॅरी गावात, आधीपेक्षा लहान. सामान म्हातारीत भरून काकांनी मला विमानतळावर सोडलं. त्यांच्या घराचं दार त्या दिवशी मी ओढलं होतं, न विचारता, आणि खिडकीतून त्यांनी ते बघितलं होतं. आज माझं इथे घर आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे. आम्ही बाहेर पडलो की ती मागून ओरडते, "येस बाबा, आय पुल्ड इट!" ती खरंच ओढते की नाही, मला ठाऊक नाही. मी तिला काही म्हणत नाही.

यंदा मार्चमध्ये मिनेसोटात काम निघालं म्हणून काकांना भेटायला ईडन प्रेरीला गेलो. ताईनं त्यांना आपल्याकडे नेलंय. म्हातारी विकली. काकांना आता माणसं ओळखू येत नाहीत. त्यांनी मला दोनदा 'आपण कुठले' असं विचारलं आणि मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "काका, मी फाटक टेकवून आलो होतो." ते परक्या पाहुण्यासाठी हसावं तसं हसले.

"अरे, या दाराचं काय करू सांग," ताई म्हणाली. "स्मार्ट लॉक आहे, आपोआप लागतं. पण बाबा दिवसभर आतून हँडल ओढतात. मला ऑफिसात मीटिंगमध्ये अलर्ट येतात, कुणीतरी दार उघडायचा प्रयत्न करतंय म्हणून. मी ते नोटिफिकेशन बंद करणार होते. केलं नाही. अलर्ट आला की कळतं, बाबा ठीक आहेत." दारामागे खिळ्याला केरसुणी होती.

निघताना मी वाकून नमस्कार केला. बाहेर आलो, दार लोटलं, कुलूप घर्र करून लागलं. मी गाडीपर्यंत गेलो असेन, तेवढ्यात बंद दाराआडून आवाज आला. जुनाच, खिडकीतून यायचा तोच.

"ओढलंस?"

मी परत गेलो. दोन्ही हातांनी हँडल धरलं, एक पाय मागे रोवला आणि ओढलं. तेवढ्यात हाताला पलीकडून हिसका जाणवला. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. काका आतून ओढत होते.

"हो काका," मी दाराला तोंड लावून म्हणालो. "ओढलं."

आत पावलं वाजली, सावकाश, दूर जाणारी. मी मोजत होतो. मी हँडल सोडलं नाही. ते परत येऊन चौथ्यांदा ओढेपर्यंत तिथेच उभा राहिलो.